कर्णिकांची डबल रायफल

शनिवारी सकाळी उल्का पेंढारकर पोह्यांसाठी कांदा चिरत असताना केदारचा फोन आला.

"उल्का, काकांची रायफल चोरीला गेलीय," तो म्हणाला. "आणि काका म्हणताहेत, ती मी घेतली."

उल्काने सुरी खाली ठेवली. केदार वझलवार तिच्याच टीममधला. तो प्रोग्रॅम लिहायचा आणि ती ते मोडून दाखवायची. टेस्टर होती, तिला पगारच त्याचा मिळायचा. मुलगा नागपूरचा, तिशीच्या आतला, सरळ. दिवाळीनंतर तो न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून टेक्ससच्या फ्रिस्कोत आला आणि जागा शोधू लागला, तेव्हा डॉ. प्रल्हाद कर्णिकांकडे तीच त्याला घेऊन गेली होती. काकांना ड्राइव्ह करणं जमत नव्हतं, ह्याला घर हवं होतं. दोघांचं भलं होईल असं तिला वाटलं होतं. म्हणजे हे लफडं एका अर्थी तिनेच त्याच्या गळ्यात बांधलं होतं.

"नीट सांग. कधी गेली?"

"तेच कुणाला माहीत नाही. काकांनी बुधवारी पेटी उघडली, तर आत दुसरीच कुठली तरी बंदूक. मला आज सांगितलं. म्हणाले, सोमवारपर्यंत आणून ठेव, मी कुणाला काही बोलणार नाही. यार, जी नेलीच नाही ती आणू कुठून?"

"पण तुझ्यावरच का संशय?"

"डिसेंबरमध्ये मी तिजोरी उघडली होती," तो म्हणाला.

झालं होतं असं, की डिसेंबरात कर्णिक नवराबायको पुण्याला गेले होते आणि घर केदारवर टाकलं होतं. तिथे काकूंचा पासपोर्ट हरवला. त्याची झेरॉक्स फ्रिस्कोच्या तिजोरीत. काकांनी पुण्याहून फोन करून केदारला तिजोरीचा नंबर सांगितला, त्याने झेरॉक्स काढून पासपोर्टचा नंबर वाचून दाखवला आणि तिजोरी बंद केली. रायफलीची लांबट चामडी पेटी तिथेच होती. तिला आपण बोटही लावलं नाही, असं तो शपथेवर सांगत होता. तिजोरीचा नंबर माहीत असलेली माणसं जगात तीन: काका, त्यांचा मुलगा अमेय आणि केदार. काकूंनी तो कधी लक्षात ठेवला नव्हता. बंदूक ह्या वस्तूचाच त्यांना तिटकारा होता.

केदारचं ग्रीन कार्ड चार वर्षं रांगेत होतं. ती स्वतःही त्याच रांगेत होती, त्यामुळे तिथे काय चालतं आणि काय चालत नाही हे तिला पाठ होतं. व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं हाच मुळात गुन्हा. चोरी ही त्याच्या पुढची गोष्ट. पोलिसांच्या रिपोर्टवर नाव चढलं की कार्ड विसरायचं आणि नागपूरचं विमान धरायचं, तेही चोर म्हणून.

"पोलिसांना कुणी फोन करू नका म्हणावं," ती म्हणाली. "मी येते."

तिला उशीर झाला होता. ती पोचली तेव्हा कर्णिकांच्या दारातून पोलिसांची गाडी निघत होती.

फोन सुनेत्रा काकूंनी केला होता. त्यांचा हिशेब साधा होता. चोरी झाली की पोलिसांना बोलवावं, मग ते खऱ्या चोराला पकडतात आणि निर्दोष माणूस सुटतो. आयुष्यातली इतकी वर्षं अमेरिकेत काढून माणूस एवढा भाबडा राहू शकतो, हे पाहून उल्काला हसावं की रडावं कळेना. काकूंना केदारला सोडवायचं होतं, आणि नेमकं केदारचंच नाव त्यांनी पोलिसांच्या हवाली केलं होतं. ऑफिसर गोड बोलला होता. केदारला त्याने 'सर' म्हटलं होतं, व्हिसा कुठला ते विचारलं होतं आणि सोमवारी परत येईपर्यंत गाव सोडू नका, असं बजावून तो गेला होता.

केदार जिन्याच्या पायरीवर बसून होता. काका काकूंवर भयंकर चिडले होते. पोलीस त्यांना नकोच होते. ज्याची चोरी झाली त्यालाच पोलीस नको असावेत, हे उल्काला जरा चमत्कारिक वाटलं. पण तेव्हा तिने ते काकांच्या चांगुलपणात जमा केलं.

ही रायफल साधीसुधी नव्हती. कर्णिक हाडांचे डॉक्टर. टेक्ससच्या रँचवाल्यांची हाडं जोडता जोडता काकांना त्यांच्याकडून शिकारीचा नाद लागला. काही वर्षं हरणांवर भागलं. मग आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचा, हे काकांच्या मनाने घेतलं. रानरेडा साध्या गोळीला जुमानत नाही आणि जखमी झाला की पळून न जाता अंगावर येतो. त्यासाठी डबल रायफल लागते: शेजारी शेजारी दोन नळ्या, मोठं कॅलिबर, पहिल्या गोळीने काम झालं नाही तर क्षणात दुसरी. आणि काकांना हवी होती जुनी, इंग्लंडमध्ये हाताने घडवलेली. तिच्या शोधात त्यांनी आठ वर्षं घालवली. गन शो पालथे घातले, जाहिराती चाळल्या, अनोळखी माणसांना फोन केले. एक मिळाली तर तिच्या नळ्या बदललेल्या, दुसरीचा दस्ता तडकलेला. शेवटी पश्चिम टेक्ससमधल्या एका रँचवाल्याच्या विधवेकडे मनासारखी सापडली. घरात नवी सून आल्यागत काकांनी लोकांना बोलावून बोलावून ती दाखवली.

"आमच्याकडे म्हशी पाळतात, आणि हे निघाले मारायला," असं काकू तेव्हा सगळ्यांना सांगायच्या.

टांझानियाची तिकिटं निघाली. त्याच उन्हाळ्यात काकांचा उजवा हात थरथरू लागला. पार्किन्सन्स. आधी ऑपरेशनं सुटली, मग गाडी, मग शर्टाची बटणं. रायफलीने आफ्रिका पाहिलीच नाही. काकूंनीही म्हशींचा विनोद बंद केला.

काका अभ्यासिकेत खुर्चीवर बसले होते. अंगात गाऊन, दाढी वाढलेली. उल्काने काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं की केदारवर त्यांचा राग नाही, त्यांना फक्त त्यांची रायफल परत हवी आहे.

"काका, पेटी तुम्ही बुधवारी कशासाठी उघडली?"

"साफ करायला. तेलपाणी करावं लागतं."

"त्याच्या आधी कधी पाहिली होती?"

"खंडेनवमीला. पूजेत होती. सगळ्यांनी पाहिली."

"तुम्ही हातात घेतली होती?"

"नाही. तिजोरीतून अमेयने काढली, नळ्या आणि दस्ता त्यानेच जोडला, त्यानेच परत ठेवली. मी मागे खुर्चीवर होतो. खाली बसता येत नाही मला. आणि खरं सांगू? मला ती बघवत नव्हती."

"आणि पेटीत आता जी आहे ती?"

काकांचं तोंड कडू झालं. "कुणाची तरी टाकाऊ शॉटगन. तीही दोन नळ्यांचीच, म्हणून लांबून फसायला होतं. पण जवळून पाहिलं तर शेंबडं पोरही फसणार नाही. शॉटगनची नळी पातळ पत्र्याची, तोंड हे एवढं. रायफलीची नळी जाड आणि भोक लहान."

त्यांनी गाऊनच्या खिशात हात घातला. थरथरत्या बोटांनी एक पितळी काडतूस बाहेर काढून टेबलावर उभं केलं. पुढची गोळी उल्काच्या करंगळीएवढी जाड होती. उल्का ते उचलायला गेली आणि आपण व्हिसावर आहोत हे आठवून तिने हात मागे घेतला. काकांनी काडतूस पुन्हा खिशात टाकलं.

"तीन दिवसांपूर्वी कळलं, मग केदारला आज का विचारलंत?"

"विचार करत होतो," काका म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

स्वयंपाकघरात काकूंनी चहा टाकला. उल्काने त्यांना धंद्यातलीच एक गोष्ट सांगितली. चालू असलेली गोष्ट अचानक बंद पडली, तर कुणी बिघडवली हे टेस्टर आधी विचारत नाही. ती शेवटची नीट कधी होती, ते आधी बघतो. आणि 'मी पाहिली' ह्याला तिच्या धंद्यात किंमत नाही. कुणी तपासली, ते सांगा.

"नवमीला होती की," काकू म्हणाल्या. "मीच हळदकुंकू वाहिलं."

त्यांनी अल्बम आणला. कर्णिकांकडे खंडेनवमी जोरात. चौरंगावर काकांचा स्टेथोस्कोप, ऑपरेशनची हत्यारं, काकूंची विळी, गाडीच्या किल्ल्या, अमेयचा लॅपटॉप आणि मधोमध रायफल. काकूंची एक खोड होती. देवासमोर बंदुकीने तोंड वासून पडायचं नाही, म्हणून त्या दरवर्षी दोन्ही नळ्यांची तोंडं झेंडूच्या फुलांनी बंद करत.

"बाकी सगळं पूजेला चालतं, ही एक नको वाटते. निदान तोंड तरी मिटून ठेवते," त्या म्हणाल्या. "आणि मेली फुलं टिकायची नाहीत. देठाकडची हिरवी वाटी त्या भोकात मावायचीच नाही, फूल घरंगळायचं. दोऱ्याने बांधायची मी. यंदा मात्र छान बसली. म्हटलं, ह्या वर्षी टेक्ससचे झेंडू तब्येतीने बारीक दिसतात."

उल्काने फोटो पाहिले. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी रायफल उघडी होती, नक्षी चमकत होती आणि फुलं नळ्यांच्या टोकाला दोऱ्याने बांधलेली होती. ह्या वर्षी तिच्यावर काकूंचा जरीचा शेला पांघरला होता. टोकाशी दोन टपोरे झेंडू.

"शेला कशाला?"

"ह्यांना बघवत नाही म्हणून अमेयनेच सुचवलं. मला बरंच वाटलं. यंदा माणसंही कमी होती. उल्हास भावजी आले नाहीत, दरवर्षी पहिले हजर असतात. मी पुरण घालून वाट पाहिली. फार लागलं मला ते, अजून बोलले नाहीये त्यांच्याशी."

"बुधवारी तुम्ही घरी होतात?"

"छे. बुधवारी माझं भजन असतं. केदार ऑफिसला. हे एकटेच." मग काकूंना काहीतरी आठवलं. "तू त्यांना जरा विचार ना, शोकेसमधली ती दोन पितळी काडतुसं कुठे ठेवलीत. गणपतीशेजारी शोभेला होती, बुधवारपासून दिसत नाहीत. का तीही त्या चोराने नेली?"

उल्काच्या हातातला कप तसाच राहिला. काडतूस चोराने नेलं नव्हतं, निदान एक तरी. तिने काकूंना काही सांगितलं नाही. सांगायला तिच्याकडे अजून धड काही नव्हतं, आणि जे होतं ते तिला अजिबात आवडत नव्हतं.

घरी जाऊन तिने उल्हास आगाशेंना फोन लावला. हे भूल देणारे डॉक्टर, काकांचे शिकारीतले जोडीदार. ही रायफल त्यांनी दोनदा मागितली होती आणि काकांनी दोनदा उडवून लावलं होतं. केदारखेरीज कुणावर संशय घ्यायचा तर तो त्यांच्यावरच घेता आला असता. उल्काची मनापासून इच्छा होती की तेच चोर निघावेत. तसं झालं असतं तर सगळंच सोपं होतं.

तिने नवमीबद्दल विचारलं. ते उलट तिच्यावरच उखडले.

"मला बोलावलं होतं कुठे? यंदा तब्येतीमुळे काही करत नाही, असा घरून फोन आला. दरवर्षी मी ती पेटीतून काढून जोडायचो. आंधळ्याने हातात घेतली तरी कळेल अशी चीज आहे ती."

फोन कुणी केला होता, हे उल्काने विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते नाव इथे लिहिलं तर पुढे वाचायला काही उरणार नाही. चोर सापडला होता, केदार सुटत होता, आणि तरी उल्काला असहाय वाटत होतं. एका माणसाला वाचवायला दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागणार होती, आणि दुसरा कुठलाही मार्ग तिला दिसेना.

रविवारी जेवणानंतर सगळे कर्णिकांच्या दिवाणखान्यात जमले. काका, काकू, केदार, आणि ऑस्टिनहून आलेला अमेय. अमेय पस्तिशीचा, इथेच जन्मलेला, वकील. केदारने बॅग भरून जिन्याशी ठेवली होती. कुठे जाणार, हे त्याला विचारलं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

उल्काने अल्बम टेबलावर उघडून ठेवला.

"केदारने रायफल चोरली असेल तर ती डिसेंबरात चोरली, बरोबर?" ती म्हणाली. "कारण नवमीला ती होती. सगळ्यांनी पाहिली. पण तपासली कुणीच नाही. तपासली फक्त काकूंनी, आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत नाही."

काकू बावरून तिच्याकडे बघू लागल्या.

"काका, तुम्हीच सांगितलंत, रायफलीचं भोक लहान. काल मी गोळी पाहिली, माझ्या करंगळीएवढी. झेंडूची हिरवी वाटी त्यात जात नाही, म्हणून काकू दरवर्षी फुलं बांधतात. ह्या वर्षीचा फोटो बघा. दोरा नाही. दोन्ही फुलं वाटीसकट आत बसलीत. झेंडू बारीक नव्हते, चांगले टपोरे आहेत. भोक मोठं होतं. नवमीला चौरंगावर होती ती शॉटगन."

काकांनी अल्बम ओढून घेतला. त्यांना पान धरता येईना, म्हणून केदारने धरून दाखवलं. आदल्या दिवशी ज्याला चोर म्हटलं त्याने धरलेलं पान काका पाहत राहिले.

"नवमीला केदार पिस्कॅटवेला होता," उल्का म्हणाली. "ह्या घराचा पत्ताही त्याला माहीत नव्हता."

"मग कुणी?" काकूंनी विचारलं.

"ज्याने पूजेसाठी ती जोडली त्याला हातात घेताक्षणी कळायला हवं होतं. त्याने शेला पांघरायला सांगितलं, कारण ती उघडी असती तर तिच्यावर नक्षी नाही, हे काकांना खुर्चीवरूनही लगेच कळलं असतं. आणि उल्हास काका आले असते तर शेला काढूनच बसले असते, म्हणून त्यांना फोन करून सांगितलं की यंदा पूजा नाही." ती अमेयकडे वळली. "त्यांनी मला तुझं नाव सांगितलं."

अमेयने नाकारलं नाही. तो खाली मान घालून बसला होता.

"माझी वस्तू तू चोरलीस?" काका म्हणाले. "का?"

अमेय बोलेना. काकांनी पुन्हा विचारलं. अमेय आईकडे बघत होता. उल्काही इथेच थांबू शकत होती, पण मग सोमवारी पोलिसांसमोर केदारचं काय, हा प्रश्न उरतच होता.

"काका, तुम्ही बुधवारी पेटी का उघडली?" उल्काने विचारलं.

"सांगितलं की. साफ करायला."

"साफ करायला काडतुसं लागत नाहीत. ती शोकेसमधून तुमच्या खिशात आली. आणि काकू घरी नसतात तो दिवस कसा निवडलात? रायफल नाही हे कळल्यावर तुम्ही तीन दिवस कुणाला विचारलं नाहीत. पोलीसही नको म्हणालात. पेटी उघडली कशाला, हे कुणी विचारू नये म्हणून."

काकूंचा हात तोंडावर गेला. त्यांना कळलं होतं. नवऱ्याकडे न बघता त्या सोफ्यावरून उठल्या, दोन पावलं चालल्या आणि पुन्हा बसल्या.

मग अमेय बोलला. मराठी त्याची मोडकी होती, नेहमी तो इंग्रजीच फेकायचा, पण त्या दिवशी त्याने हट्टाने मराठीच धरली. ऑगस्टमध्ये तो न कळवता आला होता. बाबा अभ्यासिकेत एकटे होते, रायफल मांडीवर, दोन्ही काडतुसं टेबलावर. साफ करतोय म्हणाले. टेबलावर तेल नव्हतं की फडकं नव्हतं. तो तिथेच बसून राहिला, रात्रीचं जेवून गेला. पुढच्या आठवड्यात बाबा आंघोळीला गेलेले असताना त्याने रायफल नेली आणि पेटी रिकामी दिसू नये म्हणून मित्राची जुनी शॉटगन ठेवली.

"डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, मीच डॉक्टर आहे. आईला सांगितलं असतं तर ती झोपली नसती. आय डिडन्ट नो व्हॉट टु डू." शेवटी इंग्रजी आलंच.

"आणि मी?" केदारने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तू वकील आहेस. माझं काय होणार हे तुला कळत होतं ना?"

"काल रात्री आईने फोनवर सांगितलं. मी आज बोलणारच होतो."

"पण बोलला नाहीस," केदार म्हणाला.

अमेयचा पासपोर्ट अमेरिकेचा होता. सोमवार त्याच्यासाठी नुसता सोमवार होता. उल्काला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

काकांनी ऑफिसरचं कार्ड मागितलं. नंबर काकूंनी लावला, कारण बटणं काकांना दाबता येत नव्हती. रिसीव्हर धरवेना, म्हणून स्पीकर चालू केला. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. काकांचा आवाज जुन्या सर्जनचा, स्वच्छ. एक गैरसमज झाला होता, ते म्हणाले. रायफल मुलाकडेच आहे, ऑगस्टपासून. आपण विसरलो. वय झालं. त्या तरुण मुलाचा ह्यात काहीही संबंध नाही, तो तेव्हा ह्या राज्यातसुद्धा नव्हता.

ऑफिसरला आनंद झाला. अशा गोष्टी होतात, तो म्हणाला. मिस्टर वझलवारांचा संबंध नाही असं तो लिहून टाकणार होता. केदारने डोळे मिटून घेतले.

"मग तुमचा मुलगा रायफल तुम्हाला परत देतोय ना?" ऑफिसरने विचारलं. "मी उद्या येतो, तिच्यावरचा नंबर बघतो आणि केस बंद करतो."

एक 'हो' म्हणायचा होता. तो म्हटला की केदार मोकळा होता, अमेय मोकळा होता, आणि रायफल उद्या ह्या घरात परत येणार होती. 'नाही' म्हटलं तर ऑफिसर कारण विचारणार. उल्काला हे ह्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. तिने काकूंकडे पाहिलं, काकूंनी अमेयकडे. खोलीतल्या बाकी चौघांपैकी कुणालाही ते उत्तर काकांच्या वतीने देता येत नव्हतं.

"सर?" ऑफिसर म्हणाला.

"नाही," काका म्हणाले. "ती इथे आणायची नाही."

"का, सर?"

पुढचं बोलताना काका काकूंकडे बघत होते. "माझ्या मुलाने ती माझ्यापासून लपवली. त्याने बरोबर केलं. मी ती पुन्हा शोधत होतो. कशासाठी, ते तुम्हाला कळलं असेल. त्या दुसऱ्या मुलाने तिला हातही लावलेला नाही. हे सगळं जसंच्या तसं लिहा."

मग ऑफिसर बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. त्याने सावकाश विचारलं, "सर, तुम्ही आत्ता घरात एकटे आहात का?"

काकांनी मान वर करून खोलीभर पाहिलं. अमेय उठून त्यांच्या खुर्चीजवळ आला होता. केदार बॅगेपाशी उभा होता, गेला नव्हता. काकूंनी काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो थरथरायचा थांबला नाही.

"नाही," काका म्हणाले. "सगळे आहेत."